पत्त्यांची यादी आणि वाचकवर्ग : चंद्रपूर व गडचिरोली जिल्ह्यांतील ईमेल-वार्तापत्रांच्या संदर्भात

१. विषयप्रवेश

वर्गणीदार आणि वाचक हे दोन शब्द मराठीत पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. वस्तुतः त्यांचा अर्थ एक नाही. वर्गणीदाराचे नाव व्यवस्थापकाच्या वहीत असते. वाचक त्या वहीच्या बाहेरही असतो. गावच्या वाचनालयात आलेला एक अंक अनेकांच्या हातांतून जातो, आणि एखाद्या वर्गणीदाराच्या घरी तोच अंक वेष्टन न फोडता पडून राहतो. ६ जानेवारी १८३२ रोजी 'दर्पण' निघाले तेव्हापासून छापील नियतकालिकांच्या चालकांना हा भेद अनुभवाने ठाऊक आहे. वहीवरून वाचकांचा अदमास बांधावा, पण वहीलाच वाचकवर्ग समजू नये, एवढे भान त्यांनी राखले.

ईमेलद्वारे पाठविल्या जाणाऱ्या वार्तापत्राने ही स्थिती पालटली. ह्या कामासाठी जे सॉफ्टवेअर उपलब्ध आहे ते चालकाला पत्त्यांची वही तर देतेच. शिवाय कोणी अंक उघडला, केव्हा उघडला, कोणत्या दुव्यावर बोट ठेवले, कोणी नाव काढून घेतले, ह्याचा तक्ताही पुढे ठेवते. तक्ता समोर असला म्हणजे वही हाच वाचकवर्ग होय असे वाटू लागते, आणि वही वाढली की वाचकवर्ग वाढला असा निष्कर्ष सहज काढला जातो. चंद्रपूर व गडचिरोली ह्या वनजिल्ह्यांत हा निष्कर्ष कितपत टिकतो, आणि तो टिकत नसेल तर ह्या साधनाचा उपयोग कसा करावा, ह्याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

२. प्रदेश आणि त्याचा दुहेरी वाचकवर्ग

२६ ऑगस्ट १९८२ रोजी तत्कालीन चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा अस्तित्वात आला. त्याचे क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर असून २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या १०,७२,९४२ होती. म्हणजे दर चौरस किलोमीटरला सुमारे ७४ माणसे. त्याच जनगणनेत महाराष्ट्राची सरासरी ३६५ होती. जिल्ह्याचा दोनतृतीयांशाहून अधिक भाग वनाच्छादित आहे. मराठीखेरीज गोंडी व माडिया, सिरोंचा भागात तेलुगू, मुलचेरा व चामोर्शी तालुक्यांतील वसाहतींत बंगाली आणि कोरचीच्या बाजूस छत्तीसगढी अशा भाषा येथे बोलल्या जातात. पावसाळ्यात पर्लकोटा नदीला पूर आला म्हणजे भामरागडचा इतर जिल्ह्याशी असलेला रस्ता तुटतो. कोणत्याही पत्रव्यवहाराला, मग तो कागदाचा असो वा विजेचा, ही परिस्थिती गृहीत धरूनच चालावे लागते.

ह्या प्रदेशातील संस्थांना आरंभापासून दोन वाचकवर्ग लाभलेले आहेत. १९४९ मध्ये बाबा आमटे यांनी महारोगी सेवा समितीची स्थापना केली. वरोड्याजवळचे आनंदवन, मूल तालुक्यातील सोमनाथ आणि १९७३ मध्ये भामरागडच्या अरण्यात हेमलकसा येथे सुरू झालेला लोकबिरादरी प्रकल्प ही त्याच कार्याची विस्तारलेली अंगे. १९८६ मध्ये डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत 'सर्च' ही संस्था सुरू केली. त्याच संस्थेच्या 'निर्माण' ह्या युवक-उपक्रमाचा आरंभ २००६ चा. त्यातील युवकांच्या कामाची वार्ता देणारे 'सीमोल्लंघन' हे मराठी वार्तापत्र प्रसिद्ध आहे. ह्या सर्व कार्यांचा एक वाचकवर्ग पुणे, मुंबई, नागपूर येथे आणि परदेशांतील मराठी कुटुंबांत आहे. शिबिराला येऊन गेलेले विद्यार्थी, देणगीदार, वैद्यकीय शिक्षण घेणारे तरुण, सहानुभूतीने पाहणारे नागरिक हे त्याचे घटक होत. त्याला सोयीसाठी बाह्य वाचकवर्ग म्हणू. दुसरा वाचकवर्ग प्रत्यक्ष ह्या गावांत राहतो. ज्या आरोग्याविषयी, वनाविषयी किंवा शिक्षणाविषयी वार्तापत्र लिहिले जाते ते आरोग्य, ते वन आणि ती शाळा त्याचीच असते. हा अंतर्गत वाचकवर्ग होय. वार्तापत्राचे सॉफ्टवेअर पहिल्या वर्गाच्या सवयी गृहीत धरून घडविलेले आहे, ही गोष्ट पुढील विवेचनाचा पाया आहे.

३. साधनाची घडण

एका संगणकावरून दुसऱ्यावर पत्र पाठविण्याची युक्ती रे टॉमलिन्सन ह्या अमेरिकन अभियंत्याने १९७१ मध्ये सिद्ध केली. पुढे सातच वर्षांनी, मे १९७८ मध्ये, गॅरी थुअर्क ह्या विक्री-अधिकाऱ्याने सुमारे ४०० पत्त्यांवर संगणकविक्रीची जाहिरात एकदम धाडली. न मागितलेल्या घाऊक पत्राचे हे पहिले उदाहरण मानले जाते. येथून पुढे ईमेलच्या इतिहासात दोन प्रवाह दिसतात. अनेकांना एकदम पत्र पाठविणे सुलभ करावयाचे हा एक, आणि ज्याने ते मागितले नाही त्याचे रक्षण करावयाचे हा दुसरा. १९८६ मध्ये एरिक टॉमा यांनी रचलेल्या 'लिस्टसर्व्ह' ह्या आज्ञावलीने यादीत नाव घालणे व काढणे हे काम माणसाकडून यंत्राकडे सोपविले. २००१ मध्ये 'मेलचिंप'सारख्या व्यापारी सेवा सुरू झाल्या. २०१९ मध्ये बंगळूरचे कैलाश नाध यांनी 'लिस्टमंक' हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर उपलब्ध करून दिले. संस्थेने ते स्वतःच्या संगणकावर बसविले तर पत्त्यांची यादी तिच्याच ताब्यात राहते.

ह्या सर्व साधनांची कार्ये मूलतः चार आहेत : नाव नोंदविणे, पत्र धाडणे, परत आलेल्या पत्रांची व्यवस्था लावणे आणि मोजणी करणे. नोंदणीची रूढ पद्धत दुहेरी संमतीची असते. वाचकाने पत्ता दिला की त्या पत्त्यावर एक पुष्टिपत्र जाते, आणि त्यातील दुवा दाबल्यावरच नाव यादीत पक्के होते. पत्ता चुकीचा असल्यास, किंवा तो दुसऱ्याच कोणी दिलेला असल्यास, नाव आपोआप बाजूला पडते.

पद्धत निर्दोष दिसते, पण तिचे गृहीतकृत्य तपासले पाहिजे. पत्ता देणारा मनुष्य थोड्याच वेळात आपले पत्र पाहील, असे ती धरून चालते. एटापल्ली तालुक्यातील एखादा तरुण गडचिरोलीच्या शिबिरात नोंदवहीत आपला पत्ता लिहितो आणि संध्याकाळच्या बसने गावी परततो. गावी संपर्कजाल क्षीण असते. पुष्टिपत्र फोनवर येईपर्यंत शिबिराची आठवणही मागे पडलेली असते. इच्छा असूनही त्याचे नाव नोंदले जात नाही. पुण्याच्या विद्यार्थ्याचे नाव मात्र दोन मिनिटांत पक्के होते. अशा रीतीने निवडीची पहिली चाळणी पहिल्याच पायरीवर लागते आणि ती कोणाच्याही लक्षात येत नाही.

४. पत्र पोचण्याच्या अटी

पत्र धाडले म्हणजे पोचले असे होत नाही. स्वीकारणारी सेवा प्रथम पाठविणाऱ्याची ओळख पटवून घेते. त्यासाठी तीन व्यवस्था आहेत. अमुक डोमेनच्या नावाने पत्र पाठविण्याचा अधिकार कोणत्या सर्व्हरना आहे, हे जाहीर करणारी पहिली व्यवस्था 'एसपीएफ' होय. पत्राला गणिती स्वाक्षरी जोडून त्यात मार्गात फेरफार झाला नाही हे दाखविणारी दुसरी 'डीकेआयएम'. ह्या दोन्हींचा मेळ दर्शनी पत्त्याशी बसला नाही तर पत्राचे काय करावे, हे सांगणारी तिसरी 'डीमार्क'. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू ह्यांनी, दिवसाला ५,००० हून अधिक पत्रे पाठविणाऱ्यांना ह्या तिन्ही व्यवस्था आणि एका स्पर्शात नाव काढून घेण्याची सोय बंधनकारक केली. पत्र नकोसे असल्याची तक्रार ०.३ टक्क्यांच्या खाली राहिली पाहिजे, हा दंडक लहान प्रेषकांनाही सांगितला जातो.

जिल्ह्यातील लहान संस्थेच्या दृष्टीने ह्याचे दोन परिणाम होतात. पहिला असा की, मोफत सेवेवरील पत्ता दर्शनी ठेवून दुसऱ्याच सॉफ्टवेअरमधून पत्रे धाडली, तर ओळखीचा मेळ बसत नाही आणि पत्रे नकोशा टपालाच्या कप्प्यात पडतात. स्वतःचे डोमेन घेणे हा येथे हौसेचा खर्च नव्हे. मोफत जीमेल खात्यातूनच पाठवावे म्हटले, तर दिवसाला सुमारे ५०० पत्त्यांची मर्यादा आड येते. दुसरा परिणाम साध्या अंकगणिताचा आहे. २०० पत्त्यांवर गेलेल्या पत्राविरुद्ध एकाने जरी तक्रार केली, तरी तिचे प्रमाण ०.५ टक्का भरते. यादी जितकी लहान, तितके एका नाराज माणसाचे वजन अधिक. म्हणून न विचारता कोणाचाही पत्ता यादीत घालणे हे लहान संस्थेला शिष्टाचाराच्या व व्यवहाराच्या अशा दोन्ही दृष्टींनी महाग पडते.

५. देवनागरीचा प्रश्न

मराठी वार्तापत्राला आणखी एक अडचण असते आणि तिची वाच्यता क्वचितच होते. यूटीएफ-८ ह्या प्रचलित संकेतप्रणालीत रोमन अक्षराला एक बाइट लागतो. देवनागरीच्या प्रत्येक वर्णचिन्हाला, म्हणजे काना, मात्रा, अनुस्वार ह्यांनाही, तीन बाइट लागतात. सुमारे २,५०० शब्दांचा मराठी मजकूर त्यामुळे पन्नास किलोबाइटांच्या आसपास जातो. त्यात मांडणीच्या खुणांची भर पडते. जीमेल सुमारे १०२ किलोबाइटांपुढील पत्र कापून उर्वरित भाग एका दुव्याआड ठेवते. दोन दीर्घ लेख एकत्र पाठविले की ही सीमा ओलांडली जाते. नाव काढून घेण्याचा दुवा आणि अंक उघडल्याची नोंद करणारे अदृश्य चित्र ही दोन्ही बहुधा पत्राच्या तळाशी असतात. परिणाम असा की, ज्याने अंक मनापासून वाचला त्याचीही नोंद 'न उघडलेला' अशी होऊ शकते, आणि ज्याला नाव काढून घ्यावयाचे आहे त्याला दुवा सापडत नाही; तो मग तक्रारीचे बटण दाबतो.

अक्षरांची ही अडचण टाळण्यासाठी काही संस्था संपूर्ण अंक चित्ररूपाने किंवा जड पीडीएफच्या रूपाने पाठवितात. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत जुळविलेला मजकूर असला की हा मोह अधिक होतो. परंतु क्षीण संपर्कजालात चित्र उतरतच नाही, त्यातील मजकूर शोधता येत नाही, आणि अंध वाचकाचे वाचनयंत्र ते वाचू शकत नाही. युनिकोडमधील साधा मजकूर, एका पत्रात एकच लेख, आणि उर्वरित लेखांचे दुवे हीच मांडणी ह्या प्रदेशाला मानवते.

६. मोजणी आणि तिचा दोष

आता मुख्य मुद्द्याकडे वळावयास हरकत नाही. सॉफ्टवेअर दोन आकड्यांवर भर देते : अंक उघडल्याचे प्रमाण आणि दुवा दाबल्याचे प्रमाण. पहिला आकडा पूर्वीइतका विश्वसनीय राहिलेला नाही. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलने आपल्या पत्रसेवेत अशी योजना केली की, वाचकाने पत्र उघडो वा न उघडो, त्यातील चित्रे आधीच उतरवून घेतली जातात. त्यामुळे ॲपलचे उपकरण वापरणारा वाचक न वाचताही 'वाचक' ठरतो. याउलट चित्रे बंद ठेवून, केवळ मजकूर उतरवून वाचणारा मनुष्य वाचूनही 'अवाचक' ठरतो. महागडे उपकरण वापरणारा बाह्य वाचक फुगवून मोजला जातो आणि स्वस्त फोन वापरणारा अंतर्गत वाचक कमी मोजला जातो, असा ह्या दोषाचा कल आहे.

हा दोष तेवढ्यावर थांबत नाही. एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एका संस्थेच्या यादीत १,००० पत्ते आहेत. ६०० जिल्ह्याबाहेरचे आणि ४०० जिल्ह्यातील. बाहेरच्यांपैकी ४० टक्के, म्हणजे २४०, आणि जिल्ह्यातील १० टक्के, म्हणजे ४०, अंक उघडतात. एकूण प्रमाण २८ टक्के झाले. सहा महिन्यांनी सॉफ्टवेअर सल्ला देते की, निष्क्रिय पत्ते काढून टाकावे. हा सल्ला तांत्रिक दृष्ट्या चुकीचा नाही. निष्क्रिय पत्त्यांवर पाठवीत राहिल्याने प्रेषकाची पत घसरते. काही सेवा टाकून दिलेल्या पत्त्यांचा सापळ्यासारखा उपयोग करतात. आणि दोन वर्षे न वापरलेली खाती डिसेंबर २०२३ पासून गूगल काढून टाकू शकते. सल्ला मानला की ७२० नावे जातात. त्यांपैकी ३६० बाहेरची आणि ३६० जिल्ह्यातील. उरलेल्या २८० मध्ये जिल्ह्यातील केवळ ४०. आधी यादीत जिल्ह्याचा वाटा ४० टक्के होता, तो आता सुमारे १४ टक्के झाला. आणि उघडण्याचे प्रमाण मात्र तक्त्यावर झपाट्याने वर गेले.

पुढची पायरी ओघानेच येते. कोणता विषय अधिक वाचला जातो हे पाहून संपादक पुढील अंक आखतो. उरलेले वाचक बहुसंख्येने बाहेरचे असल्यामुळे त्यांना रुचणारे विषय पुढे येतात : प्रेरणादायी अनुभव, पाहुण्यांची भेट, पुरस्कार. तेंदूपानांचे दर, वनहक्कदाव्याची मुदत, हिवतापाची लक्षणे हे विषय मागे पडतात. कोणीही कोणाला वगळण्याचे ठरविलेले नसते. प्रत्येक निर्णय आकड्यांना धरूनच घेतलेला असतो. तथापि यादी वाढत जाते आणि जिल्हा तिच्यातून गळत जातो.

मुळात जिल्ह्यातील पत्ता 'निष्क्रिय' का दिसतो, हेही पाहिले पाहिजे. पुष्कळांचे ईमेल-खाते फोन सुरू करताना दुकानदाराने किंवा शिष्यवृत्तीचा अर्ज भरताना सेवाकेंद्रचालकाने उघडून दिलेले असते. खाते आहे, पण त्याचा परवलीचा शब्द मालकाला ठाऊक नाही. असे पत्र परत येत नाही, म्हणून ते पोचले असे समजले जाते. प्रत्यक्षात ते कोणीही पाहत नाही. येथे वाचक उदासीन आहे असे म्हणणे हा त्याच्यावर अन्याय होईल.

७. सामूहिक वाचक : मेंढा-लेखाचे उदाहरण

गडचिरोलीच्या अंतर्गत वाचकाचे स्वरूप समजून घेण्यास धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गाव उपयोगी आहे. सुमारे पाचशे वस्तीच्या ह्या गोंड गावाला २००९ मध्ये, वनहक्क अधिनियम, २००६ अन्वये, सुमारे १,८०० हेक्टर वनावरील सामूहिक हक्काची मान्यता मिळाली. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांच्या उपस्थितीत बांबूच्या वाहतूक-परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन करण्यात आले. ह्या यशामागे अनेक वर्षांची पूर्वतयारी होती. देवाजी तोफा यांच्यासारखे गावातील कार्यकर्ते आणि 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात तेथे अभ्यासगटाची प्रथा रुजली. अभ्यासगटात माहिती वाचली जाते, तिच्यावर चर्चा होते, शंका विचारल्या जातात. निर्णय मात्र तेथे होत नाही. तो ग्रामसभेत, सर्वांच्या सहमतीने होतो.

अशा गावात एखादे पत्र एका पत्त्यावर पोचले आणि अभ्यासगटात वाचले गेले, तर त्याचे वाचक किती समजावयाचे? सॉफ्टवेअर उत्तर देईल : एक. प्रत्यक्षात ज्यांनी ते ऐकले, गोंडीत समजावून घेतले आणि त्यावरून काही ठरविले ते सर्व त्याचे वाचक होत. त्यांतील बहुतेकांना स्वतःचा ईमेल-पत्ता असण्याची आवश्यकताही नाही. छापील अंकाच्या काळातील वाचनालयाचा न्याय येथे पुन्हा लागू पडतो. तक्त्यातील एक हा आकडा येथे वाचकाचा नसून टपालपेटीचा आहे.

माहिती माणसाच्या मध्यस्थीने अधिक दूर जाते ह्याला ह्याच जिल्ह्यातील दुसरा दाखला आहे. 'सर्च'ने नवजात बालकांच्या घरगुती काळजीचा जो प्रयोग केला, त्यात गावातीलच स्त्रियांना आरोग्यदूत म्हणून शिकविले होते. त्याचे फलित १९९९ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. प्रयोगाच्या गावांतील नवजात-मृत्यूंचे प्रमाण तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी घटल्याचे त्यात नोंदले आहे. हे यश अर्थातच केवळ माहितीचे नव्हते. उपचारही तीच स्त्री करीत होती. तरी विश्वासाचे मनुष्य मध्ये असल्याखेरीज ते ज्ञान घराच्या उंबरठ्याआत गेले नसते, हे मान्य करावे लागेल. मध्य भारतातील गोंडीभाषकांसाठी शुभ्रांशु चौधरी यांनी २०१० मध्ये 'सीजीनेट स्वर' सुरू केले, तेव्हा लिखित पत्राऐवजी फोनवरील आवाजाचा आश्रय घेतला, त्यामागेही श्रोत्याची भाषा आणि सवय ह्यांचाच विचार होता.

८. संमती आणि भाषा

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम ऑगस्ट २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित होऊन त्यांची अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली. ईमेलचा पत्ता ही वैयक्तिक माहिती असल्याने वार्तापत्राच्या चालकाला हा कायदा लागू होतो. संमती स्वेच्छेची, विशिष्ट हेतूपुरती, माहितीपूर्वक, बिनशर्त आणि निःसंदिग्ध असली पाहिजे. ती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असले पाहिजे. अठरा वर्षांखालील व्यक्तीच्या बाबतीत पालकाची पडताळता येणारी संमती हवी. आरोग्यतपासणीच्या वहीत लिहिलेला पत्ता वार्तापत्रासाठी वापरणे, किंवा शाळकरी शिबिरार्थींची नावे परस्पर यादीत चढविणे, ह्या प्रथा ह्या कसोटीवर उतरत नाहीत.

संमतीची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय कायद्याने दिला आहे. त्यामुळे सिरोंच्याच्या तेलुगूभाषकाला आणि मुलचेऱ्याच्या बंगालीभाषकाला आपल्या भाषेत ती मागता येते. गोंडी व माडिया त्या अनुसूचीत नाहीत; त्या बोलणाऱ्यांना हा अधिकार कायद्यातून मिळत नाही. कायदा जेथे थांबतो तेथे संस्थेने स्वतःहून पुढे जावे हे उचित होय. पत्ता घेताना तो कशासाठी घेतला, किती दिवसांनी पत्र येईल आणि नको झाल्यास काय करावे, ह्या तीन गोष्टी गोंडीत तोंडी सांगण्यास कोणताही खर्च येत नाही.

९. व्यवहारातील पद्धती

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य सूचना निघतात. पहिली ही की, बाह्य व अंतर्गत वाचकांच्या याद्या आरंभापासून वेगळ्या ठेवाव्या. सर्वच सॉफ्टवेअरांत याद्यांचे गट पाडण्याची सोय असते. बाह्य यादीला रूढ मोजणी आणि रूढ साफसफाई लागू करावी. अंतर्गत यादीतील प्रत्येक पत्त्यामागे एक नेमका मनुष्य असावा : शिक्षक, आरोग्यसेविका, ग्रामसभेचा सचिव, वाचनालयाचा चालक, किंवा गावातील एखादा शिकता तरुण. त्याला वाचक न मानता वाचनकर्ता मानावे. अशी यादी शंभराच्या पुढे गेली नाही तरी हरकत नाही.

दुसरी सूचना पुष्टीविषयी. दुहेरी संमतीची पद्धत सोडू नये. पण पुष्टी शिबिराच्या जागी, संपर्कजाल उपलब्ध असताना, कार्यकर्त्याने शेजारी बसून करवून घ्यावी. परवलीचा शब्द ठाऊक नसल्याचे तेथेच उघड होते, आणि मग दुसरा मार्ग योजता येतो.

तिसरी सूचना मांडणीविषयी. अंतर्गत यादीचे पत्र एका कागदाच्या एका बाजूस छापता येईल एवढेच असावे, म्हणजे तालुक्याच्या गावी त्याची प्रत काढून आठवडी बाजाराच्या दिवशी ती गावाकडे नेता येईल. पत्र बाजाराच्या आदल्या दिवशी निघावे. मुदतीचे विषय पावसाळ्यापूर्वीच पोचतील अशी वर्षाची आखणी करावी. विषयाच्या ओळीत काय करावयाचे आणि कोणत्या तारखेपर्यंत, हे स्पष्ट लिहावे.

चौथी व सर्वांत महत्त्वाची सूचना मोजणीविषयी. अंतर्गत यादीसाठी उघडण्याचे प्रमाण पाहूच नये. प्रत्येक पत्राच्या शेवटी दोन साधे प्रश्न विचारावे : हे पत्र कोठे वाचले? त्यावर कोणता प्रश्न निघाला? उत्तर ईमेलने यावे असाही आग्रह नसावा. फोनवरून सांगितलेले किंवा भेटीत कळलेले उत्तरही वहीत टिपावे. ह्यासाठी प्रेषकाचा पत्ता उत्तर स्वीकारणारा असावा लागतो. उत्तर देऊ नये असे बजावणारा पत्ता वापरणे म्हणजे वाचकाचे बोलणे आधीच बंद करणे होय. वर्षअखेर संपादकापुढे दोन तक्ते असतील : एकात आकडे, दुसऱ्यात प्रश्न. पुढील अंकाचे विषय दुसऱ्या तक्त्यावरून ठरले, तर जिल्हा यादीतून गळण्याची प्रक्रिया थांबेल.

१०. समारोप

ह्या विषयात पदव्युत्तर विद्यार्थ्यांना अभ्यासास पुष्कळ वाव आहे. एका वार्तापत्राची यादी, तिच्यातील वाचनकर्ते आणि त्यांच्या गावांतील श्रोते ह्यांचा वर्षभर मागोवा घेतल्यास, एका पत्त्यामागे किती वाचक उभे असतात आणि कोणत्या विषयाला किती, हे प्रत्यक्ष पाहणीने ठरविता येईल. अशी पाहणी करताना ग्रामसभेची अनुमती प्रथम घ्यावयाची, आणि निष्कर्ष तिच्यापुढे वाचून दाखवावयाचे, एवढे पथ्य पाळले पाहिजे.

वार्तापत्राचे सॉफ्टवेअर हे उपयुक्त साधन आहे. ते पत्ते सांभाळते, पत्रे धाडते, नकोसे झालेल्याला मोकळे करते. बाह्य वाचकवर्गाने ह्या जिल्ह्यांतील संस्थांना जे बळ दिले त्यात अशा पत्रव्यवहाराचा वाटा आहे आणि तो पुढेही राहील. परंतु ते ज्याला वाढ म्हणते ती पत्त्यांची वाढ असते. वाचकवर्ग वाढला की नाही हे कळण्यासाठी पत्र ज्या ओसरीवर वाचले गेले तेथपर्यंत जावे लागते, आणि तेथे निघालेला प्रश्न पुढील अंकात उत्तरासह छापावा लागतो.